वानखेडे सरांचं बारावं शतक

आमच्या इंद्रवेल्लीत वानखेडे सरांना ‘काय चाललंय?’ असं सहज विचारायची सोय नाही. ते शतक सांगतात.

“सध्या बारावं चालू हाये. लई भानगडीचं हाये.”

शतक जर्मन भाषेचं. सर निवृत्त इतिहास शिक्षक, माझे शेजारी आणि शाळेतले जुने सहकारी. मुलगी जर्मनीत नर्स आहे. नात आर्या तिथलीच. मराठी तिला येत नाही, बोलते ती जर्मनच. तिच्याशी बोलता यावं म्हणून सरांनी ती भाषा शिकायला घेतली. दुसऱ्या कुणी ‘जेवलीस का’पासून सुरुवात केली असती. सर थेट मुळाशी गेले आणि तिथून एकेक शतक पुढे सरकू लागले.

“मुळापासून काऊन सर? आजची शिका ना,” मी म्हणालो.

“मागचं झाल्याबिगर पुढचं कसं घेता?”

शाळेतही हाच खाक्या. एक धडा गाळायचे नाहीत. त्यामुळे वर्ष संपलं तरी पुस्तक निम्म्यावरच असायचं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या कित्येक पोरांना स्वातंत्र्य काही मिळालंच नाही.

बाजारात सफरचंदाच्या गाड्यावरही तास सुरू होतो. “इंग्रज ‘अ‍ॅपल’ म्हनत राह्यला. दक्षिणेकडच्या डोंगरातल्या जर्मनाइनं ‘प’चा ‘फ’ केला, ‘आप्फेल’ झालं. उत्तरेकडच्याइनं ऐकलंच नाही. पैनगंगेच्या अल्याड-पल्याड आपली बोली बदलते ना, तसंच हे.”

“साब, तोलूँ क्या?” गाडीवाला विचारतो. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला होतो. व्हिडिओ कॉल आला. एरवी मुलगी मध्ये बसून दोघांना एकमेकांचं सांगते. त्या दिवशी ती ड्युटीवर होती. जावयाने फोन लावून दिला आणि तो आत गेला. आर्या पडलेल्या दाताची जागा दाखवत भडाभडा बोलत सुटली. सरांनी घसा साफ केला आणि बाराव्या शतकातल्या सरदाराला शोभेल असं एक वाक्य टाकलं. पोरगी खुदकन हसली. मग पुढचं ऐकायला थांबली. सरांकडे पुढचं नव्हतं. थोडा वेळ वाट पाहून ती खुर्चीवरून उतरली आणि खेळायला निघून गेली. सर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले.

“दाताचं काय सांगत होती वो ते?” फोन बंद झाल्यावर त्यांनी मला विचारलं. मला काय कळणार?

 चहा निवून गेला. मग सुट्टी मागावी तसं हळूच म्हणाले, “सर, मधली शतकं गाळली त चालन का? तवर पोरगी मोठी होऊन जाईन.”



“गाळा सर,” मी म्हणालो. “मधलं परीक्षेले येत नाही.”