लांब गोळी, आखूड मॅगझिन

बंदुकीतलं मला बरंच कळतं, असं त्या रविवारी सकाळपर्यंत माझं मत होतं. बंदूक मी आयुष्यात हातात धरलेली नाही, पण वाचलंय भरपूर.

सूनबाई रायफलच्या स्पर्धांना जाते. ती घरात आल्यापासून आमचं संभाषण ‘चहा घेता का?’ आणि ‘घेतो’ यापुढे सरकलेलं नव्हतं. मला बोलायला विषयच सुचत नाही. एकदा जेवताना ती माझ्या मुलाला म्हणाली, “वाऱ्याने माझ्या गोळ्या भरकटतात रे.” मी मान खाली घालून वरणभात कालवला आणि दुसऱ्या दिवशी वाचनालय गाठलं. तिथे उत्तर सापडलं. निमुळती, लांब गोळी वारा कापत जाते. मात्र ती काडतुसात खोल दाबू नये. दाबली तर दारूची जागा खाते.

तिची काडतुसं भरून देणाऱ्या कारागिराकडे मी एकटाच गेलो.

“लांब गोळ्या घाला. आणि जरा बाहेरच राहू द्या.”

“नळीत बसतील. पण काडतूस लांब होईल, काका. बाईंनी मोठ्या मॅगझिनची रायफल घेतली वाटतं?”

मला ठाऊक नव्हतं, आणि तसं म्हणायचा धीर नव्हता. मी चष्मा पुसत राहिलो. त्याने तो होकार धरला.

स्पर्धेच्या सकाळी सूनबाईने जाता जाता कारागिराकडून काडतुसांचा डबा उचलला. पहिली फेरी एकेक काडतूस हाताने भरून झाडायची होती. तिने असा नेम साधला की शेजारचे वळून बघायला लागले. मी प्रेक्षकांत बसून स्वतःशीच लाजत होतो.

दुसरी फेरी भराभर झाडायची. त्यासाठी काडतुसं आधी मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलच्या पोटातल्या डबीत, भरावी लागतात. तिने एक आत ढकललं. टोक पुढच्या भिंतीला अडलं. दुसरं घेतलं, तेही अडलं. तिने मागे वळून पाहिलं.

“बाबा, तुम्ही गेला होतात का कारागिराकडे?”

“जरा तिरकं करून बघ.”

“काडतूस आहे बाबा, सोफा नाही.”

उंच पुस्तक बुटक्या खणात जात नाही, हे लोकांना सांगण्यात माझी ग्रंथपालाची सगळी नोकरी गेली. आणि मी खण न मोजताच पुस्तक आणलं होतं.

तिने तीही फेरी एकेक भरत काढली. निम्मे बार राहिले आणि वेळ संपली. पुढच्या स्पर्धेसाठीची निवड हुकली.

परतताना गाडी ती चालवत होती आणि मी शेजारी दाराला चिकटून बसलो होतो. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, “पहिल्या फेरीइतके गुण मला कधीच मिळाले नव्हते. कुठे वाचलंत हे?”

“असंच. चुकलंच माझं.”

“चुकलंच. पुढच्या वेळी मला विचारा. पण सांगा तर, वारा कसा कापते ती गोळी?”

मी घाबरत सुरुवात केली. गोळीच्या टोकावरून शेपटावर आलो, तिथून गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या पिळांवर. ती मधेमधे अडवून विचारत होती, मी सांगत होतो. शेवटी बाहेर लक्ष गेलं, तर रस्ता अनोळखी.

“सूनबाई, घर कुठे गेलं?”

“ते मघाशीच मागे पडलं.”

“मग सांगायचं नाही का?”

“तुम्ही बोलत होतात ना,” ती म्हणाली आणि पुढे वळायला जागा आली तरी सरळच गेली.