परबकाका आणि माशांच्या उवा

चारकोपच्या आमच्या सोसायटीत पपई कापली की बिया कचऱ्यात टाकायच्या नाहीत, शेजारच्या परबकाकांकडे पोचवायच्या. कोणी विसरलंच, तर काका दारात हजर. "पपई खाल्लंस ना? मगे बियो खंय?" समोरच्याने दरोडाच घातलाय असा आवाज.

काका मूळचे मालवणचे. सगळी नोकरी इथल्याच एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. काका निवृत्त झाले, प्रयोग झाले नाहीत. त्यांचे रोगी म्हणजे मासे. तळ्यात पाळलेल्या माशांच्या अंगावर उवा होतात, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. त्यावर उतारा म्हणून काका कडुलिंब, लसूण नि पपईच्या बिया वाटत बसतात. एकदा गच्चीत वाळत घातलेल्या त्यांच्या औषधी गोळ्या माझ्या आईने सांडगे समजून तळल्या. "कडू आहेत, पण पोटाला बरे," म्हणत चार खाल्ल्यासुद्धा. काका अजिबात रागावले नाहीत. दोन दिवस येऊन तिची तब्येत मात्र विचारत होते, आणि ती काळजी होती की संशोधन, हे मी अजून सांगू शकत नाही.

मढला पास्कल नावाच्या मासे पाळणाऱ्याचं गोड्या पाण्याचं तळं आहे, त्यात रोहू. "रोहू हो काय मासो?" असं म्हणून काका त्याला तोंड लावत नाहीत. पण गेल्या वर्षी ते रोहू उवांनी हैराण होऊन दगडांना अंग घासू लागले, रोज चार-पाच मरू लागले, तेव्हा काकांची झोप उडाली. पास्कल जहाल कीटकनाशक ओतायला निघाला होता. काका आडवे आले. "आठ दिवस दी माका."

त्यांची पद्धत ठरलेली. आधी एक, मग सगळे. एक रोहू टबात घेतला, कडुलिंबाचा अर्क थोडा थोडा वाढवत गेले आणि दिवसभर टबाशेजारी बसून राहिले. प्रमाण चुकलं तर कडुलिंबही मासा मारतो. मी म्हटलं, "काका, जेवून तरी या." तर म्हणाले, "तो एकटो आसा मरे. घाबरतलो."

मी हसलो होतो तेव्हा.

मात्रा लागू पडली. मग दर रविवारी माझ्या स्कूटरवरून मढ. भिंगातून तपासणी, पास्कलशी वाद, पास्कलकडेच जेवण. परवाच्या रविवारी दहा मासे काढले, एकावरही ऊ नाही. पास्कल खुश. "जिंकलात काका! आता तुम्हाला एवढं लांब यायची गरज नाय."

तो भल्यासाठीच बोलला. काका "बरा झाला" म्हणाले आणि पुन्हा जाळं टाकायला लावलं. अकरावा मासा, बारावा. एखादी तरी ऊ सापडावी म्हणून माणूस इतका वाकून बघताना मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला फार वाईट वाटलं. काकू गेल्यापासून रविवारी त्यांची वाट बघणारं या तळ्याशिवाय कुठे काही नव्हतं.

मी भिंग घेतलं. "काका, ह्याच्या कल्ल्यापाशी काहीतरी हलतंय."

काकांनी बराच वेळ बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

"संशय आसा," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येवक व्हया."

पास्कलने माझ्याकडे पाहिलं आणि मासा अलगद पाण्यात सोडला. "या ना काका. सकाळीच या."

परतीच्या वाटेवर काका स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. मार्वे रोडच्या सिग्नलला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खोटा बोललंस. पण बरा बोललंस."