गोदाआत्या आणि मागचं चाक

आमची गोदाआत्या कुणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी खुर्ची हलवून बघते. एकदा दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या पाहुण्याला भेटायला गेली आणि त्याच्यासकट कॉट गदागदा हलवली. तो बिचारा बोंबलला. आत्या म्हणाली, "वरडू नको, लई प्ले हाय हिच्यात!"

प्ले म्हणजे ढिलेपणा. हा शब्द तिने ट्रॅक्टरवर बसून मिळवलेला. लिंबागणेशजवळ सीताफळाच्या बागेत तिचा आणि मामांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, एक छोटा जुनाट ट्रॅक्टर आहे. सुट्टीत आम्ही पोरं त्याच्या मडगार्डवर बसून बागभर हिंडायचो. डिझेलचा आणि पिकल्या सीताफळांचा तो एकत्र वास आठवला की अंबाजोगाईच्या ऑफिसात मला अजून करमत नाही.

त्या ट्रॅक्टरची नाडी फक्त आत्याला कळते. मिस्त्रीने पाना उचलला की ही ओरडलीच, "आधी हलवून बघ! खोलायची घाई कावून?" मागचं चाक एक्सलसकट हललं तर बेअरिंग गेलं, नुसतं चाक हललं तर नट ढिले, हे तिने मला दहाव्या वर्षीच शिकवलं होतं. शाळेतलं सगळं विसरलो, हे राहिलं. तिचं निदान चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि चुकलं असतं तरी तिने ते कबूल केलं नसतं.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा मागचं चाक डुगडुगत होतं. बाळू मिस्त्रीने लांबूनच बेअरिंग गेल्याचं जाहीर केलं आणि चहाला बसला. आत्या उखडली. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर उचलली. पदर खोचून तिने टायर खालीवर धरून हलवलं. एक्सल जागचा हलला नाही. नुसतं चाक हललं. मग तिने नटाला हात लावला. तो बोटांनीच फिरला. शेजारचाही.

"काय निघालं गं?" बाजेवरून मामांनी विचारलं.

लकव्यानंतर मामांचा उजवा हात कमजोर झालाय. बागेतली सगळी कामं सुटली, एकच उरलं. रोज सकाळी पाना घेऊन चाकांचे नट आवळायचे. त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना खपत नाही.

आत्याने त्यांच्याकडे बघितलं.

"बेअरिंगच हाय," ती म्हणाली. "बाळ्या बरोबर म्हणत होता."

बाळूची छाती फुगली. आत्याला हरवणारा पंचक्रोशीतला तो पहिलाच.

"तरीच!" मामा खुशीत म्हणाले. "नट तर मी रोज आवळतो."

"तुमचं कुठं काय चुकलंय," आत्या म्हणाली.



बाळूला तिने उद्या यायला सांगून वाटेला लावलं. दुपारी मामांचा डोळा लागल्यावर तिने माझ्या हातात पाना दिला. मी एकेक नट आवळत गेलो. शेवटच्याला पाना लावला तसा तिने माझा हात धरला.

"त्यो ऱ्हाऊ दे," ती हळूच म्हणाली. "सकाळी त्यांना लागंल."