डावी कूस, पान सत्तेचाळीस

डॉक्टरकडे जाण्याआधी एकदा पुस्तकात बघावं, एवढंच मी ठरवलं. सकाळपासून डावी कूस दुखत होती आणि पोटाच्या विकारांवरचं पुस्तक घरातच होतं. (मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. ह्याचीही मीच तपासली, म्हणून एक प्रत फुकट मिळाली.)

बघितलं नसतं तर बरं झालं असतं. मूतखडा, आतड्याला सूज, स्नायू लचकणं... स्नायूपाशी मी थांबलोच नाही, इतकं साधं दुखणं माझ्या वाट्याला कुठलं? पान सत्तेचाळीसवर छापलं होतं : 'अपेंडिक्स पोटाच्या डाव्या बाजूला खाली असते. खोकल्यावर कळ आल्यास विलंब करू नये.' मी खोकून पाहिलं. कळ आली. तोंडचं पाणी पळालं.

बायको भाजी निवडत होती. घराची कागदपत्रं कुठल्या खणात आहेत ते मी तिला सांगू लागलो.

"ती मीच ठेवलीत," ती म्हणाली. "चपला घाला."

रस्ताभर मी तिचा हात सोडला नाही. धाकटीची शाळाही अजून संपायची होती हो. खरंच भीती वाटत होती.

डॉक्टरांनी पोट दाबलं. अपेंडिक्स आहे, लगेच कापा, असं मीच त्यांना सांगितलं. ते उजवीकडे असतं म्हणाले. मी पिशवीतून पुस्तक काढून पान पुढे केलं. छापील पुराव्यापुढे कोण काय बोलणार?

त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे तपासलं कोणी?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या पानावर मी चार अनुस्वार आणि दोन वेलांट्या दुरुस्त केल्याचं मला नीट आठवत होतं. पोटाकडे बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

मग काही जड उचललं का, असं त्यांनी विचारलं. उचललं होतं. मालकांवर छाप पाडायला ह्याच पुस्तकाचे बारा गठ्ठे मी आदल्या दिवशी एकट्याने खाली नेले होते. स्नायू लचकलाय, आठवडाभर वजन उचलू नका, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ राहिला नाही. चूक कळताच मालकांनी सगळे गठ्ठे पुन्हा वर मागवले (कोणी आणले ते सांगायला नकोच) आणि प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवायला लावलं : 'डाव्या'ऐवजी 'उजव्या' वाचावे. तिसऱ्या दिवशी घरी आलो तो उजवी कूस धरूनच. आता मात्र शुद्धिपत्राप्रमाणे हे खरंखुरं अपेंडिक्स आहे, असं मी बायकोला सांगितलं.

तिने भाजीतून मान वर केली नाही. "शुद्धिपत्र कोणी तपासलं?"

"मीच."

"मग काही झालेलं नाही. हात धुवा, जेवायला बसा."