माऊनमधलं मौन

विमानाच्या ब्रेकमधली हवा काढावी ती गाओलाथेनंच, हे माऊनच्या विमानतळावर कुणीही सांगेल. कुणी नाहीच सांगितलं तर मला विचारा. गाओलाथे मीच!

इथल्या छोट्या विमानांच्या हँगरमध्ये माझे केस पिकले. पर्यटकांचा हंगाम आला की नदीच्या डेल्टातल्या सफारी कॅम्पवर एक मेकॅनिक मुक्कामाला जातो. आमच्या वैमानिक कॅप्टन सेगामेत्सींचा ज्याच्या हातावर सगळ्यात जास्त विश्वास, तो. म्हणजे दरवर्षी मी. तिथं रोज मांस मिळतं, पण खरं सुख वेगळंच. कॅप्टनबाई दुपारी विमान उतरवतात आणि पाहुण्यांदेखत म्हणतात, "गाओलाथे, जरा बघून घ्या हो." त्या एका वाक्यावर मी वर्षभर छाती काढून फिरतो.

यंदा राजधानी गाबोरोनेहून थुसो हा नवा मेकॅनिक आला आणि सगळा विचका झाला. पोरगं देखणं, कामाला चोख, वर बोलायला गोड. दिवसभर इंजिनाखाली लोळून उठला तरी कपडे इस्त्रीचे! हँगरबाहेर माग्विन्या, म्हणजे पिठाचे गोळे, तळणारी म्मा दिनेओ (आमच्यात बाईला मानानं म्मा म्हणतात, पुरुषाला र्रा) इतकी वर्षं मला टोपलीतले गार गोळे देते. याच्यासाठी ताजा घाणा सोडते. मी त्याच्यावर जळत नव्हतो असं लिहिणार होतो, पण जाऊ द्या. जळत होतो. धूर निघेपर्यंत जळत होतो.

त्या दिवशी कॅप्टनबाईंच्याच विमानाची सर्व्हिसिंग होती. मी पेट्रोलची गाळणी धुऊन बसवली, पंखातल्या टाकीखालून काचेच्या पेल्यात पेट्रोलचा नमुना काढला आणि ऐटीत त्यांच्यापुढे धरला. "बघा म्मा, असायला हवं तसं निळंशार आहे."

थुसोनं पेल्यामागं पांढरा कागद धरला. "र्रा गाओलाथे, तळाला पाणी आहे हो."

होतं. साबुदाण्याएवढं, पण होतं.

"बरं झालं तू बघितलंस, थुसो," कॅप्टनबाई म्हणाल्या. "हे वर जाऊन कळलं असतं तर?" माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. शेवटचा थेंब निघेपर्यंत टाकी थुसोनं तपासली. त्या क्षणी मी ठरवलं, या माणसाशी पुन्हा एक शब्द बोलायचा नाही.

आता राहिले ब्रेक. अडचण अशी, की हे काम दोघांचं. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं होऊन बारकी तोटी सोडायची, म्हणजे लाल तेलाबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाहेर येतात. आतल्याला खालचं काही दिसत नाही. खालच्यानं ओरडून सांगायचं असतं. आणि खालचा तर मुका झालेला!

थुसो समजूतदारपणे म्हणाला, "बोलायचं नसेल तर को को म्हणा. ते काही बोलणं नाही, दार वाजवणं आहे. को को म्हटलं की मी दाबतो, चाकावर थाप मारली की सोडतो."

तोडगा मला पटला, त्यामुळे त्याचा आणखीच राग आला. आमच्याकडे दारावर टकटक करत नाहीत. अंगणाच्या कडेला उभं राहून तोंडानं 'को को' म्हणतात, आणि आतून 'या' आल्याशिवाय भला माणूस पुढं पाऊल टाकत नाही. मी मान डोलावली, तोटीचं रबरी टोपण दातात धरलं आणि कामाला लागलो.

काम झकास चाललं होतं. दातांतून को को, थाप, पुन्हा को को. शेवटचा बुडबुडा निघाला, मी नळी उपसली, आता तोटी आवळणार, एवढ्यात माझ्या पायांपाशी कुणीतरी आदबीनं म्हणालं, "को को."

थुसोनं पेडल दाबलं. तेलाची पिचकारी थेट माझ्या डोळ्यांत! हातातला पाना कुठंतरी उडाला. मी आंधळ्यासारखा चाक बडवू लागलो. थुसोनं पेडल सोडलं.

आतून 'या' आलं नाही, म्हणून पुन्हा आवाज आला, "को को?"

दुसरी पिचकारी. टोपण थुंकून मला 'थांब' म्हणता आलं असतं. एकच शब्द होता. पण थुसोशी बोलायचं? मी? मी पुन्हा चाकच बडवलं.

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?" म्हणत कुणीतरी वाकलं आणि काळजीनं, जरा मोठ्यानंच म्हणालं, "को को!"

तिसऱ्या पिचकारीचा नेम चुकला आणि ती मला लागलीच नाही. मी डोळे पुसून बघितलं. समोर कॅप्टन सेगामेत्सी. पांढरा शर्ट गळ्यापासून पट्ट्यापर्यंत लाल.

थुसो खाली उतरला. "म्मा, तुम्ही होतात? मला वाटलं हेच."

"माझा आवाज यांच्यासारखा आहे?"

"सकाळपासून रागात आहेत ना, बारीकच निघत होता."

कॅप्टनबाईंनी माझ्याकडे बघितलं. "गाओलाथे, तीनदा हाक मारली. एकदा 'या' म्हणायला काय झालं होतं?"

मला कॅम्प दिसत होता, आणि तिथं माझ्या खाटेवर पाय पसरून बसलेला थुसो. मी दातातलं टोपण काढून हातात घेतलं. "चुकलं, म्मा. यंदा कॅम्पवर त्यालाच पाठवा."

"त्याला? मी कॅम्पचंच सांगायला आले होते. सामान बांधा. कॅम्पवर तुम्हीच जायचं."

माझा कानांवर विश्वास बसेना. तेल गळणाऱ्या मिशांआडून मी थुसोकडे असं बघितलं, की त्यानं मान खाली घालावी. त्यानं घातली नाही. उलट मनापासून हसून म्हणाला, "अभिनंदन, र्रा."

"एवढं होऊनही मीच, म्मा?" मला त्याच्यासमोर ते पुन्हा ऐकायचं होतं.

"तुम्हीच. महत्त्वाचं काम सगळं इथं असतं," शर्ट पिळत त्या म्हणाल्या, "थुसोला मी इथून हलू देणार नाही."

तर सध्या मी कॅम्पवर आहे. मांस रोज मिळतं, घशाखाली उतरत नाही. दुपारी विमान उतरलं की पेला आणि पाना घेऊन मी धावत सुटतो. कॅप्टनबाई नव्या शर्टात खाली उतरतात आणि पाहुण्यांदेखत म्हणतात, "राहू द्या गाओलाथे, थुसोनं सकाळीच बघितलंय. तुम्ही तेवढ्या बॅगा घ्या."