श्वासयंत्रांची निःपक्षपाती तुलना

घाईने केलेली खरेदी आणि घाईने केलेलं लग्न, दोन्ही पुढे निस्तरत बसावं लागतं. म्हणूनच दुबईत जबल अलीजवळच्या एका रुग्णालयाने (नाव देत नाही, फुकट जाहिरात होईल) व्हेंटिलेटर विकत घेण्याआधी दोन कंपन्यांची यंत्रं चाचणीला मागवली आणि तुलना समिती नेमली. अध्यक्ष सदानंद साठ्ये. मूळचे पुण्याचे, त्यामुळे तुलनेत मुरलेले. इथे मिक्सर घेतानाही त्यांनी दिरहमचे रुपये करून लक्ष्मी रोडच्या भावाशी ताडून पाहिले होते आणि शेवटी मिक्सर घेतलाच नव्हता.

चाचणीला माणूस लागतो. तो भिकाजी, कुडाळकडचा, गोदामात माल उचलणारा. न्यूमोनियाने आलेला, घशात नळी. आधी त्याला पहिल्या यंत्रावर ठेवलं, मग दुसऱ्यावर. पडदा किती ठळक, अलार्म किती कर्कश, चाकं कुरकुरतात का, एजंटाने खजूर आणले की नुसतंच माहितीपत्रक, सगळं समितीने बारकाईने पाहिलं. रुग्णाच्या प्रकृतीलाही दहा गुण होते (चाकांना पंधरा, कारण चाकं सगळ्यांना दिसतात).

घोळ भिकाजीने घातला. दुसऱ्या यंत्रावर तो बरा होऊ लागला.

“सर, पेशंट स्वतः श्वास घेतोय,” सिस्टर रंजिता म्हणाली. “नळी काढू या?”

“एवढ्यात चाचणी खलास?” सदानंद म्हणाले. “अहो, पहिल्या मशीनला सीरियस पेशंट दिला आणि दुसऱ्याला बरा होत आलेला. हे फेअर कंपॅरिझन झालं का? यल्ला, चला, परत पहिल्याला जोडा.”

डॉक्टरही समितीत होते. त्यांनी रुग्णाच्या बाजूने विचार केला आणि समितीच्या बाजूने सही केली. पहिल्या यंत्रावर भिकाजी आणखी सुधारला. हा दुसऱ्यावर अन्याय, म्हणून पुन्हा अदलाबदल. या फेऱ्यांत तो थकला, ताप परत चढला, तेव्हा समितीला हायसं वाटलं. आता दोन्ही यंत्रांना सारखाच गंभीर रुग्ण मिळणार होता.

गावाहून त्याच्या बायकोचा, कृष्णाबाईचा फोन आला. “सायबानू, हे कधी बोलतले?”

“इन्शाल्ला, रिपोर्ट आल्यावर,” सदानंदांनी धीर दिला.

रिपोर्ट आला. पहिलं यंत्र सरस ठरलं, चाकांमुळे. तेव्हापासून इतर रुग्णालयांचे चौकशीचे फोन थांबत नाहीत, आणि तुम्हीही इथवर वाचत आलात ते कोणतं यंत्र जिंकलं हे कळावं म्हणूनच. कळलं. भिकाजीची नळी अजून तशीच आहे, पण ते विचारायला एकट्या कृष्णाबाईचाच फोन येतो.