डिसेंबर टाळणाऱ्या सहली

अवघड प्रश्न लांबणीवर टाकायला सरकारकडे समिती असते आणि नवऱ्याकडे सहल. फरक एवढाच, की समितीचा अहवाल कधी ना कधी येतो.

या क्षेत्रात जेर्विनचे काम खरोखर पाहण्यासारखे होते. जेर्विन फिलिपीन्समधल्या इलोइलो प्रांतातल्या गिम्बाल गावचा. सिंगापुरात लोकांच्या घरचे एसी दुरुस्त करतो. बायको आर्लिन तिथल्याच एका इस्पितळात नर्स. दोघे कोह आंटींच्या घरातल्या एका खोलीत भाड्याने राहत. आंटी मनाने फार चांगल्या. नियम मोजकेच: एसी रात्री दहानंतर, स्वयंपाक 'हलका' (अंडे हलके, सुकी मासळी जड), पाहुणे नाहीत, आणि दिवाणखाना आंटींचा, सोफ्यासकट. खोलीची भिंत एवढी पातळ, की पलीकडे आंटींनी कूस बदलली की अलीकडे जेर्विनही बदलायचा.

गिम्बालला या दोघांचे स्वतःचे घर बांधून तयार आहे. जाड भिंती, मोठ्या खिडक्या, पडदे अजून प्लास्टिकमध्ये. त्यात कोणी राहत नाही. जेर्विनची आई, म्हणजे नानाय, रोज जाऊन कुलूप उघडते, झाडांना पाणी घालते आणि पुन्हा कुलूप लावते. सोफ्यावर बसत नाही; मुलांचा आहे म्हणते. म्हणजे मुलांना बसायला सोफा नाही आणि सोफ्याला बसायला माणूस नाही. फर्निचरचे आयुष्य वाढवण्यात या कुटुंबाचा हात कोणी धरू शकणार नाही.

ठरले होते असे, की घर झाले की येत्या डिसेंबरात परत जायचे. आर्लिनच्या समजुतीप्रमाणे 'येत्या डिसेंबरात' याचा अर्थ येत्या डिसेंबरात असा होत होता. पण एक दिवस साहेबांनी जेर्विनला विचारले, "आणखी दोन वर्षं थांबतोस का? सुपरवायझर करतो."

"बायकोला विचारून सांगतो, हो," जेर्विन म्हणाला. (साहेबांनी वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा धरला.)

आता फक्त बायकोला विचारायचे राहिले. गुरुवारी जेवताना आर्लिननेच विषय काढला.

"अरे, डिसेंबरचं बोलायचंय आपल्याला."

भिंतीपलीकडे आंटी खोकल्या. अशा वेळी सामान्य नवरा आवाज खाली आणतो. जेर्विनने विषयच समुद्रापलीकडच्या बाटाम बेटावर नेला.

"इथे कुठे बोलतेस? शनिवारी बाटामला जाऊ. बोटीनं! तिथे निवांत बोलू."

बोट हे अवघड बोलण्यासाठी उत्तम वाहन आहे. वारा जे बोलाल ते मागच्या मागे समुद्रात नेऊन टाकतो.

"काय म्हणालास?" आर्लिन ओरडली.

"काही नाही! फोटो काढू म्हणालो!"

फोटो निघाला. रात्री तो घरच्या ग्रुपवर गेला आणि नानायचा फोन आला. "इंदाय, किती गं नशीबवान तू! तुझ्या नणंदेला, लुर्देसला, नवरा चौकाच्या पलीकडे नेत नाही. माझा तोतो बघ!" (सून इंदाय, मुलगा तोतो. तिकडे लाडक्या माणसांना नावाने हाकारत नाहीत.) दुसऱ्या दिवशी लुर्देसच्या नवऱ्याने दोन तास कोणाशीही बोलणे टाळले, अशी विश्वसनीय माहिती आहे.

पुढच्या शनिवारी मलेशियातले मलाक्का. तिथे नदीतली नाव संथ चालते, वारा नाही, म्हणजे धोका होता. आर्लिनने संधी साधली. "डिसेंबरचं तिकीट आत्ता काढलं तर—"

"हो हो, डिसेंबरात जायचंच आहे ना," जेर्विन म्हणाला.

मागच्या बाकावरून एक बाई पुढे झुकल्या. त्याही इलोइलोच्याच निघाल्या. परदेशात आपली भाषा कोणाला कळत नाही या भरवशावर बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की जिथे नोकरी आहे तिथे एक तरी इलोइलोची बाई मागच्या बाकावर असतेच.

"इंदाय," बाई म्हणाल्या, "कुठला डिसेंबर, ते आधी विचार त्याला."

जेर्विनने तत्परतेने त्यांच्या हातात फोन दिला. "मानांग, आमचा एक फोटो काढता का?" (मानांग म्हणजे ताई.) बाईंनी काढला. दोघे हसताहेत. हा फोटो नानायने नव्या घराच्या भिंतीवर लावला. भिंतीत ठोकलेला तो पहिला खिळा.

मग बिन्तान बेट. मग कोटा टिंगीचे काजवे, ज्यांचे श्रेय जेर्विनला द्यावे तेवढे थोडे. काजवे बघायच्या नावेत बोलायलाच बंदी असते. नावाडी ओठांवर बोट ठेवून बसतो. एवढ्या सोयीचे पर्यटनस्थळ विवाहित पुरुषांच्या संघटनेने आजवर दत्तक कसे घेतले नाही, हे कोडेच आहे. या काळात दर सहलीमागे सरासरी साठ फोटो आणि नऊ वाक्ये असे प्रमाण पडले. नऊपैकी सात 'जरा डावीकडे सरक' या स्वरूपाची होती.

तिकडे साहेब मात्र पक्के उत्तर मागू लागले.

आणि मग एका बुधवारी आर्लिन म्हणाली, "या शनिवारी मी ठरवलंय कुठे जायचं. गेंटिंगच्या डोंगरावर."

जेर्विनला बरे वाटले. डोंगरावर गर्दी, धुके, खेळ, दुकाने. बोलण्याची शक्यता फार कमी. वर जायला दोरीवरून चालणारे डबे आहेत एवढे तो विसरला. आर्लिनने दारावरच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितले. त्याने मागे रांगेत उभे असलेले कुटुंब घाईघाईने थांबवले आणि या दोघांनाच एका डब्यात बसवून दार लावले.

"काय सांगितलंस त्याला?"

"माझ्या नवऱ्याला उंचावर गेलं की उलटी होते. फोन दे."

"फोटो काढतेस?"

तिने फोन पिशवीत टाकला आणि पिशवीवर बसली. डबा झाडांच्या शेंड्यांवरून वर निघाला.

"आता सांग. साहेबाला काय सांगितलंस?"

"खाली बघ ना, केवढं जंगल—"

"जंगल कुठे जात नाही. तू कुठे जातोयस ते सांग."

जेर्विनने चारी बाजूंनी पाहिले. उतरण्याजोगे स्थानक नव्हते. "दोन वर्षं," तो म्हणाला. "फक्त दोनच. सुपरवायझर करतायत."

"हो म्हणालास?"

"तुला विचारून हो म्हणालो."

"मला कधी विचारलंस?"

"ते राहिलं."

"कधीपासून राहिलंय?"

"बाटामच्या आधीपासून."

आर्लिनने बोटांवर शनिवार मोजले. "म्हणजे काजवे बघताना तुला माहीत होतं."

"तिथे बोलायला बंदी होती गं!"

यावर ती चिडेल म्हणून तो दाराकडे सरकला. ती चिडली नाही. म्हणाली, "मीही सांगून टाकलंय. इस्पितळात. डिसेंबरपर्यंतच आहे म्हणून."

"कधी?"

"मलाक्काच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"नानाय खूश होती," आर्लिन म्हणाली. "आणि फोटोही बरे येत होते."

डबा वर पोहोचला. बाहेर एका सज्जन गृहस्थाने आपणहून विचारले, "तुमचा दोघांचा काढू का?" दोघे सवयीने जवळ सरकले आणि हसले. रात्री नानायचा निरोप आला: देव तुम्हाला असंच ठेवो.

देवाने तसे ठेवले नाही. डिसेंबरात आर्लिन एकटीच गिम्बालला गेली. तिने पडद्यांचे प्लास्टिक काढले, सुकी मासळी तळली आणि सोफ्यावर बसली. इकडे जेर्विनला आंटींनी एकटा पडला म्हणून नऊलाच एसी लावायची सवलत दिली. आता दर रविवारी दोघे फोनवर बोलतात. फोटो काढण्याजोगे काही नसल्यामुळे खरेच बोलतात. किंबहुना भांडतात, एवढे दिवस तुंबलेले सगळे निघते. ती जाड भिंतींच्या घरात बसून मनसोक्त ओरडते आणि तो पांघरुणात तोंड घालून कुजबुजतो, त्यामुळे प्रत्येक भांडण तीच जिंकते.

मार्चमधल्या एका रविवारी ती ओरडली नाही. "सोफा तिघं बसतील एवढा आहे रे," एवढेच म्हणाली. "मी एका टोकाला बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच जेर्विन साहेबांकडे गेला. दोन वर्षांचे एक करता येईल का, सहा महिने करता येतील का, आजच सोडता का, असे त्याने एका दमात विचारले. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बोलू की निवांत," आणि त्या शनिवारी सगळ्या कामगारांना घेऊन बाटामला गेले. बोटीने.

असो. तुमचे दोघांचे परवाचे महाबळेश्वरचे फोटो पाहिले. झकास आलेत. विषय कोणता होता?